मधुमतीबाईंचं न घेतलेलं नाव

बर्मिंगहॅमच्या हॉल ग्रीन भागात मधुमतीबाई टिपणीसांना ओळखत नाही असा मराठी माणूस शोधून सापडला नसता, आणि त्यांनी ज्याची चौकशी केली नाही असा माणूस तर, मराठी असो वा गोरा, मुळीच सापडला नसता. बॉयलर दुरुस्त करायला आलेला माणूस चहाचा एक कप संपेपर्यंत आपल्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, बायकोचं माहेर आणि आपण चर्चला का जात नाही हे सगळं सांगून बसायचा. बाई भोचक नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं, आणि समोरच्याला ते कळायचं.

अकरा नंबरची बस शहराभोवती गोल फिरून परत निघाल्या जागी येते, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. दुसरी एखादी बाई 'हो का' म्हणून भाजी चिरायला लागली असती. मधुमतीबाई एका शनिवारी डबा घेऊन बसमध्ये चढल्या आणि अडीच-पावणेतीन तासांनी त्याच स्टॉपवर उतरल्या. नवरा दारात उभा होता. "झालं समाधान? जिथून निघालीस तिथेच आलीस," तो म्हणाला. पुढच्या संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात बायकांनी नाव घ्या म्हणून गळ घातली, तेव्हा बाईंनी उखाणा घेतला:

'अकरा नंबरची बस घाली गावाला वळसा,
शशिधरराव घरी असता भरला माझा कळसा.'

हॉल दणाणून गेला. पुढे कित्येक वर्षं मंडळात हा उखाणा मागून घेतला जायचा. शशिधररावांचं नाव बाईंच्या तोंडून निघायचं ते एवढंच, वर्षातून एकदा आणि यमकाला धरून. एरवी नाही.

आता यात नवल ते काय? त्यांच्या पिढीच्या शंभरातल्या नव्वद बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. पण या बाईंची नोकरी होती हॉस्पिटलच्या तळघरात, मेडिकल रेकॉर्ड्समध्ये. एकोणीस वर्षं त्यांनी माणसांची नावंच हाताळली. तपकिरी फोल्डरांच्या रांगांमधून हवा तो पेशंट त्या डोळे मिटून काढून द्यायच्या. आयरिश नावं, पोलिश नावं, जमेकन नावं सगळी जिभेवर. फक्त एक नाव यायचं नाही. त्यांचे यजमान त्याच हॉस्पिटलात छातीचे डॉक्टर. फोनवर कुणी विचारलं, की बाई सांगायच्या, "माय हजबंड." शशिधर नावाचे दोन गुजराती पेशंट होते, त्यांना त्या फाइलच्या शेवटच्या तीन आकड्यांनी ओळखायच्या. सासूने धाक घातला होता असंही नाही. ओठच वळायचे नाहीत. आणि घरात नावाची गरजही नव्हती. अहो, चहा. अहो, छत्री राहिली. अहो, मुलीचा फोन आलाय. असा सहा खोल्यांचा संसार चालला होता.

एकोणनव्वदच्या जानेवारीत डॉक्टर टिपणीस हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीचं दार उघडता उघडता कोसळले आणि गेले.

मृत्यूची नोंद करायला बाई आणि मंजिरी दोघी रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेल्या. मंजिरी ही त्यांची एकुलती एक मुलगी, बर्मिंगहॅमलाच जन्मलेली, तेव्हा मेडिकलच्या चौथ्या वर्षाला होती. समोरच्या बाईंनी पेन उघडून अगदी हळुवारपणे विचारलं, गेलेल्यांचं पूर्ण नाव सांगता का? मधुमतीबाईंनी तोंड उघडलं. डोक्यात बस, वळसा आणि कळसा हे तीन शब्द येऊन उभे राहिले. कारण ते नाव बाहेर पडायची वाटच तेवढी होती. रजिस्ट्रारसमोर उखाणा कसा घ्यायचा? त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली, नाव लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

"आई, just say it," मंजिरी म्हणाली. "It's Baba."

बाईंनी कागद आणखी थोडा पुढे सरकवला. मुलीच्या मनात त्या दिवशी एक खडा बसला तो बसलाच. आपली आई बाबांना रडली नाही, त्यांचं नावसुद्धा तिला जड झालं, असं तिने धरून ठेवलं. मंडळातल्या बायका चांगल्या होत्या. पुढच्या संक्रांतीलाही त्यांनी बाईंना आग्रहाने बोलावलं, तिळगूळ दिला, शेजारी बसवलं. फक्त 'नाव घ्या' असं कुणी म्हणालं नाही. विधवेला ते कोण म्हणणार? नाव घ्यायची एकुलती एक जागा होती, तीही अशी गोड बोलून बंद झाली.

ब्याण्णव साली मंजिरीला मुलगी झाली. नवरा विनय, तोही डॉक्टर आणि स्वभावाने थंड पाणी. नाव ठरवायचं त्याने बायकोवर सोपवलं. मंजिरीने नाव ठेवलं शशी. वडिलांचं नाव घरात परत आलं याचा तिला कोण आनंद झाला होता. बारशाला आत्याने कानात कुर्र केलं, पेढे वाटले, आणि मंजिरी आईकडे बघत राहिली. बाईंनी नात मांडीवर घेतली, तिचं नाक बोटाने दाबलं आणि म्हणाल्या, "काय गं ठमे?"

त्या दिवसापासून आजीसाठी ती ठमी. महिना गेला, वर्ष गेलं, पोरगी बोलायला-चालायला लागली. मंजिरी वाट पाहत राहिली आणि शेवटी एकदा तिचा बांध फुटला. "तू तिला एकदा पण हाक मारली नाहीस, आई. चार वर्षं. That's my father's name. तुला आवडत नसेल तर सांग ना सरळ."

"आवडत नाही कसं?" एवढंच बाईंना सांगता आलं. पुढचं त्यांना मराठीत सुचलं नाही आणि इंग्रजीत तर ते नव्हतंच.

मग शहाण्णव साली विनय आणि मंजिरी दोघांनी ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, ॲलिस स्प्रिंग्जच्या हॉस्पिटलात एका वर्षाची नोकरी धरली आणि पोरीला घेऊन निघून गेले. मे महिन्यात मंजिरीचा फोन आला. काम आवडतंय, इथेच आणखी तीन वर्षं राहायचा विचार आहे. तिने ते सहज सांगितलं, आणि बाईंना त्यातलं सहज नसलेलं सगळं ऐकू आलं. ही गाठ सुटली नाही तर लेक परत येत नाही, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी तिकीट काढलं. तीन विमानं बदलून, वाटेत दोन हवाईसुंदऱ्यांची आणि सिंगापूरच्या एका फुलवाल्याची साग्रसंगीत चौकशी करून, जुलै महिन्यात बाई वाळवंटात उतरल्या.

उतरल्या आणि नातीच्या पाठोपाठ हिंडायला लागल्या. माती इतकी लाल कशी? नदीचं पात्र आहे तर पाणी कुठे गेलं? दिवसा स्वेटर नको आणि पहाटे दोन रजया, हा काय प्रकार? मंजिरी उत्तरं देत होती, पण मोजून मापून. चौथ्या दिवशी विनयची ड्यूटी होती, म्हणून त्या तिघीच गाडी काढून उलुरू नॅशनल पार्कला निघाल्या. पाच तासांचा रस्ता. मागच्या सीटवर ठमी झोपली होती आणि पुढच्या दोघींमध्ये बोलण्यासारखं एकच होतं, ते सोडून दोघी बाकीचं सगळं बोलल्या.

उलुरू लांबून एक प्रचंड लाल खडक दिसतो. जवळ गेल्यावर त्याला घड्या दिसतात, गुहा, पावसाच्या पाण्याचे काळे ओघळ, आणि पायथ्याशी चक्क झाडी. एका बाजूला पाटी होती: ही आमची पवित्र जागा आहे, कृपा करून वर चढू नका. पाटीच्या शेजारून माणसं साखळीला धरून वर चढत होती.

"मालक नको म्हणतायत ना? मग हे का चढतात?" बाईंनी विचारलं.

"कारण चढता येतं," मंजिरी म्हणाली.

"चढता तर आपल्यालाही येईल," असं म्हणून बाईंनी गुडघ्याकडे एकदा बघितलं आणि पायथ्याची वाट धरली.

त्या वाटेवर पाहुण्यांना फिरवून आणायला एक आजीबाई होत्या, ज्यांची ती जमीन आहे त्या अनंगू लोकांपैकी. त्या आपल्या भाषेत बोलायच्या आणि जेनी नावाची एक गोरी मुलगी त्याचं इंग्रजी करायची. आजीबाईंचं नाव मी इथे देत नाही. आज त्या हयात आहेत की नाहीत मला माहीत नाही, आणि नसतील तर ते देणं बरं नव्हे. का, ते पुढे येईलच.

मधुमतीबाईंना तर घबाडच सापडलं. आजीबाईंनी गवताचं बी दगडावर वाटून दाखवलं. बाई म्हणाल्या, हा तर आमचा पाटा-वरवंटा. आणि वाटायला बसल्यासुद्धा. काटेरी गवत झोडपून त्याच्या भुकटीचा डिंक कसा करतात, भाल्याला तो कसा लावतात, एकदा लावला की किती वर्षं टिकतो, बायका करतात की पुरुष? जेनीला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. सोबतचे चार जर्मन पाहुणे निमूट ऐकत होते. आजीबाई काही प्रश्नांना उत्तर द्यायच्या, काही ऐकलेच नाहीत असं करायच्या.

एका कपारीपाशी आजीबाई न थांबता पुढे गेल्या. मधुमतीबाई थांबल्या. इथे काय आहे?

जेनीने विचारलं. आजीबाई दोन शब्द बोलल्या.

"ते सांगत नाही, असं म्हणतात त्या," जेनी म्हणाली. "ही गोष्ट सगळ्यांसाठी नाही."

मंजिरीला वाटलं, आता आई खट्टू होणार. उभ्या जन्मात तिला असं तोंडावर 'नाही' कुणी म्हटलेलं नव्हतं. पण बाईंनी मान डोलावली आणि कपारीकडे पाठ करून त्या पुढे चालू लागल्या. काही गोष्टी न सांगायच्याही असतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

फेरी संपली ती पार्कच्या माहितीघरात. मातीच्या विटांची थंडगार इमारत, भिंतींवर चित्रं आणि फोटो. एका फोटोत बरीच माणसं ओळीने उभी होती आणि त्यातल्या एकाच्या चेहऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. बाई अर्थातच तिथे थांबल्या.

जेनीने आवाज खाली आणून सांगितलं. हा माणूस अलीकडे वारला. इथे कुणी वारलं, की त्याचा चेहरा झाकतात आणि त्याचं नाव घ्यायचं बंद करतात. घरच्यांना त्रास होतो, आणि गेलेल्यालाही.

"आणि त्याच नावाचं दुसरं कुणी जिवंत असेल तर?" बाईंनी विचारलं.

"त्यालाही त्या नावाने हाक मारत नाहीत. कुनमनारा म्हणतात. म्हणजे, ज्याचं नाव आता घेत नाहीत तो."

"त्यालाही?" बाईंनी पुन्हा विचारलं. मग त्या जवळच्या बाकावर बसल्या. आजीबाई येऊन शेजारी टेकल्या. ठमी दोघींच्या मध्ये उभी राहून आजीबाईंच्या विणलेल्या टोपीचा गोंडा न्याहाळत होती. आजीबाईंनी काहीतरी विचारलं, आणि जेनी म्हणाली, "पोरीचं नाव काय, असं विचारतायत."

"शशी," मंजिरीने ताडकन उत्तर दिलं आणि आईकडे बघितलं.

मधुमतीबाईंचं इंग्रजी तळघरात एकोणीस वर्षं घासून लख्ख झालेलं होतं, पण आता त्या एकेक शब्द शोधत बोलल्या. हे तिच्या आजोबांचं नाव. ते वारले. माझ्याने ते घेववत नाही. मी तिला ठमी म्हणते. माझ्या लेकीला त्याचं दुःख होतं.

जेनीने हे सगळं आजीबाईंना सांगितलं. आजीबाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी बोटाऐवजी ओठ पुढे करून पोरीकडे दाखवलं आणि म्हणाल्या, "कुनमनारा." हिला काय म्हणायचं ते उघडच आहे, अशा सुरात.

मंजिरीला ते सहन झालं नाही. "नाही, ही गोष्ट सेम नाही," ती आईला म्हणाली, आणि मग जेनीकडे वळून इंग्रजीत, "माझे बाबा जिवंत होते तेव्हाही ती नाव घेत नव्हती. तीस वर्षं. हे दुःख नाही, ही सवय आहे."

मंजिरीचं म्हणणं खरंच होतं. बाईंनीही ते नाकारलं नाही. जेनीने भाषांतर केलं. आजीबाईंनी पहिल्यांदाच मधुमतीबाईंकडे तोंड वळवून नीट बघितलं आणि एक प्रश्न विचारला.

"मग तुम्ही त्यांना हाक काय मारायचात?"

इतका साधा प्रश्न बाईंना आजवर कुणी विचारला नव्हता. त्या उत्तर द्यायला गेल्या. ओठ उघडले, गळ्यातून आवाज निघायच्या बेतात आला आणि तिथेच अडकला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग हात कपाळाला लावला आणि हळूच मान हलवली.

"ते सांगत नाही," त्या म्हणाल्या.

जेनीने ते सांगताच आजीबाई हसल्या आणि त्यांनी मधुमतीबाईंच्या गुडघ्यावर आपला हात ठेवला.

मंजिरी मात्र जागच्या जागी उभी राहिली. तो शब्द तिला माहीत होता. तिच्या लहानपणी तो घरात दिवसातून पन्नास वेळा उठायचा, जिन्यावरून, बागेतून, बाथरूमच्या दाराशी. तिने आठवून पाहिलं. बाबा गेल्यापासून आईने तो एकदाही उच्चारला नव्हता. मंडळातल्या काकांना नाही, देवळातल्या भटजींना नाही. आई त्यांना 'हे बघा' म्हणायची, 'काका' म्हणायची, किंवा नुसती पुढे जाऊन उभी राहायची. आणि सात वर्षं आपण भलत्याच नावाची वाट बघत बसलो. तिला आईचा नाही, स्वतःचाच राग आला.

बाहेर ऊन उतरू लागलं होतं. मायलेकी गाडीच्या सावलीत बसल्या. ठमी लाल मातीत रेघोट्या काढत होती.

"सॉरी," मंजिरी म्हणाली. "मला वाटायचं तुला बाबांचं काही नाही."

"मलाही कुठे कळलं होतं?" बाई म्हणाल्या. "आत्ता त्या बाईने विचारलं तेव्हा कळलं. त्यांचं कागदावरचं नाव सगळ्यांनी वापरलं गं. हॉस्पिटलने, बँकेने, दाखल्यावर, पेपरात. माझ्याकडे हाक तेवढी होती. तीच घशात राहिली. मारून काय करू, ओ कोण देणार?" आणि मग त्या रडल्या. जानेवारी एकोणनव्वदमध्ये रडायला हवं होतं तसं, नाक ओढत, पदर ओला करत. मंजिरीने त्यांना जवळ घेतलं आणि तीही रडली.

निघण्यापूर्वी बाईंनी डोळे पुसले आणि परत आत जाऊन जेनीला गाठलं. एक विचारायचं राहिलं होतं. ती पट्टी काढायची केव्हा? नाव परत घ्यायचं केव्हा, आणि ते ठरवतं कोण?

"त्याला मुदत नसते," जेनी म्हणाली. "कधी दोन वर्षं, कधी पुष्कळ जास्त. घरचे म्हणतात तेव्हा."

बाई बर्मिंगहॅमला परतल्या आणि त्यांनी शेजाऱ्यांना, टपालवाल्याला आणि अकरा नंबरच्या दोन ड्रायव्हरांना वाळवंटाची माहिती दिली. मंजिरीने तीन वर्षांच्या नोकरीचा अर्ज केलाच नाही. 'हॉस्पिटल चांगलं होतं, पण लांब फार,' एवढंच कारण तिने सगळ्यांना सांगितलं. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत तिघं घरी आली.

पहिल्या रविवारी हॉल ग्रीनला जेवण होतं. कुकरची शिट्टी झाली होती, बाई पोळ्या लाटत होत्या, मंजिरी पानं घेत होती आणि विनय गाडीतून सामान आणत होता. पाच वर्षांची पोरगी बैठकीत चंदनाचा हार घातलेल्या फोटोसमोर उभी होती.

"आजी, हा माझा आजोबा आहे ना? तू त्याला काय म्हणायची?"

मंजिरीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "बाळा, आजीला आत्ता नको विचारू—"

"विचारू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं, हाताचं पीठ झटकलं आणि दारापर्यंत आल्या. आवाज आधी फुटलाच नाही. मग फुटला. "मी त्यांना अहो म्हणायचे."

"अहो?" पोरीने शब्द तोंडात फिरवून पाहिला. तिला तो आवडला असावा. ती फोटोकडे वळली आणि तिच्या इंग्लिश जिभेने, हेल काढून म्हणाली, "अहो, जेवायला चला."

आठ वर्षांनी ती हाक त्या घरात उठली होती. मंजिरी आईच्या तोंडाकडे बघत होती. मधुमतीबाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि नातीला म्हणाल्या, "जरा मोठ्यांदा बोलाव, शशी. पेपर वाचत असले की त्यांना ऐकू जायचं नाही."